कोटेशनरावांचा बोका आणि तीन डॉक्टर

"मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय!"

हे वाक्य कोटेशनराव रोज एकदा तरी म्हणत. ज्या दिवशी म्हणत नसत, त्या दिवशी बायको त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघे. कारखान्याच्या खरेदी खात्यात त्यांची उभी हयात गेली होती. तीन ठिकाणचे भाव मागवल्याशिवाय त्यांनी तिथे कधी टाचणी घेतली नाही आणि घरी कधी झाडू आणला नाही. हॉलमधली नवी खुर्चीसुद्धा तीन दुकानं पालथी घालून सगळ्यात स्वस्त मिळवलेली! दोन दिवसांपासून ती डुगडुगत होती, म्हणून एका पायाखाली कागदाची घडी सारली होती. पण तो विषय घरात काढायचा नाही, असं ठरलं होतं.

आणि अशा माणसाचा बोका आजारी पडला!

बोक्याचं नाव मॅनेजर. खाऊन झोपायचं आणि उठून खायचं, एवढंच काम करायचा म्हणून. त्याने अन्नपाणी सोडलं आणि कोटेशनरावांच्या तोंडचं पाणी पळालं. नेहमीच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्याचं पोट चाचपलं.

"काहीतरी गिळलंय आणि ते आत अडकलंय. ऑपरेशन करावं लागेल. माझे हात आता थरथरतात, दुसरं कुणीतरी गाठा. आणि आजच, नाहीतर बोका हातचा जाईल!"

"चौकात त्या डॉक्टरबाई आहेत," बायको म्हणाली. "सगळे त्यांचं नाव घेतात. चला."

"अगं, नुसत्या नावावर कसं जायचं? स्वस्तातला डॉक्टर बोका कापेल, महागातला आपला खिसा कापेल! मी आधी डॉक्टर तपासणार."

"डॉक्टर तपासणार? तुम्ही?"

"मग! माल तपासणाऱ्या नव्या प्रयोगशाळेला आम्ही पहिल्यांदा न सांगता चांगलाच माल पाठवतो. चांगल्याला वाईट म्हणाली की बाद!"

बायकोने हात जोडले आणि पैसे काढायला ती बँकेत गेली.

चांगला माल वरच्याच मजल्यावर होता. काकूंचा बाळ्या म्हणजे मॅनेजरचा सख्खा भाऊ. तोच काळा रंग, तेच पांढरे पाय.

"न्या हो, पण जपून," काकू म्हणाल्या. "गाईसारखा गरीब आहे माझा बाळ्या. हूं की चूं करायचा नाही."

दोन्ही बोके स्वयंपाकघरात समोरासमोर आले. टोपली बघताच एकाने घर डोक्यावर घेतलं आणि तो कपाटाखाली पळाला. दुसरा मुकाट बसून राहिला. मुकाट बसला तो बाळ्या, हे उघडच होतं! रोज मांडीवर झोपणारा बोका ओळखता येऊ नये? पण कोटेशनरावांचा डोळ्यांपेक्षा स्वतःच्या डोक्यावर विश्वास जास्त. गरीब बोका टोपलीत घालून ते निघाले.

पहिला दवाखाना काचेचा होता. थंडगार हवा, मऊ सोफे. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन. लगेच." खर्चाचा आकडा ऐकून कोटेशनरावांना वाटलं, ऑपरेशनसोबत दवाखानाही आपल्याला विकतायत.

"लबाड! ठणठणीत बोका आहे हा!"

डॉक्टरांनी मानही वर केली नाही. "तपासणीची फी काउंटरवर भरा."

दुसरा दवाखाना चौकातल्या डॉक्टरबाईंचा, सायकलच्या दुकानावरच्या माडीवर. एकच टेबल, पण घासून लखलखीत केलेलं. बाईंनी बोक्याच्या पोटावरून हळूच बोटं फिरवली. "इथे हाताला लागतंय. ऑपरेशनच करायला हवं." खर्च पहिल्याच्या निम्म्याहून कमी!

"म्हणजे ही स्वस्तातली लबाडी!" कोटेशनराव ओरडले आणि टोपली घेऊन जिना उतरले.

बाई मागोमाग जिन्यात आल्या. "मला शिव्या घाला हवं तर! पण त्याला खायला घालू नका, पाणीसुद्धा नको! मी दिवसभर इथेच आहे, कधीही घेऊन या!"

तिसऱ्या डॉक्टरने टोपलीत लांबूनच डोकावलं. "काही झालेलं नाही. फर्स्ट क्लास बोका आहे!"

कोटेशनरावांनी त्याला मिठीच मारायची बाकी ठेवली. "सापडला! प्रामाणिक माणूस सापडला! आता खरा पेशंट आणतो!" त्यांनी तिथूनच घरी फोन लावला.

"अहो, कुठे आहात?" बायको कडाडली. "हा कुणाचा बोका घरात कोंडलाय? कटोराभर दूध पिऊन पडद्यावर चढलाय!"

"वा! म्हणजे मॅनेजरला बरं वाटतंय!"

"कसला मॅनेजर! काकूंनी बाळ्या म्हणून हाक मारली तर धावत त्यांच्याकडे गेला!"

कोटेशनरावांनी टोपलीत बघितलं. बोक्याने एक डोळा उघडला आणि रोजच्यासारखी त्यांच्या बोटावर हनुवटी टेकली. मरायला टेकलेल्या आपल्याच बोक्याला त्यांनी गावभर हिंडवलं होतं!

"हे टॉनिक न्या, नवीन आलंय," तिसरा डॉक्टर म्हणाला.

"लबाड!" कोटेशनराव ओरडले. सकाळपासून पहिल्यांदाच बरोबर माणसावर.

आता उरले दोन. दोघांनी खरं सांगितलं होतं आणि दोघांनी शिव्या खाल्ल्या होत्या. शिव्या खाऊन एकाने फी मागितली, दुसरीने बोक्याला काही खायला घालू नका म्हणून जिन्यात येऊन बजावलं. आयुष्यात पहिल्यांदाच भावाचा विचार न करता कोटेशनराव धावत सुटले.

"डॉक्टर, मी मघाशी..."

"ते राहू द्या. खायला घातलं नाही ना?"

"नाही."

"शहाणे आहात. टोपली द्या आणि बाहेर बसा."

बायको आली तेव्हा ते बाकावर बसून रडत होते. कुणी विचारलं तर आजही ते नाकबूल करतात, पण हुंदके खाली सायकलच्या दुकानात ऐकू गेले होते.

शेवटी दार उघडलं. "शुद्धीवर आला," बाई हसून म्हणाल्या. "आल्या आल्या मला नखं दाखवली!"

कोटेशनरावांनी जिन्यातूनच आरोळी ठोकली, "मॅनेजर वाचला!" सायकलवाल्याने आनंदाने घंटी वाजवली.

टाके निघाले त्या संध्याकाळी हॉल माणसांनी भरला. मॅनेजरला मांडीवर घेऊन, पायावर पाय टाकून कोटेशनराव खुर्चीत रेलले होते.

"एका दिवसात तीन डॉक्टर तपासले! खरे कोण, खोटा कोण, सगळं बाहेर काढलं! खरेदी खात्याचा अनुभव कामी आला!"

"अय्या, पण पोटात होतं तरी काय हो?" काकूंनी विचारलं.

बायकोने शांतपणे डॉक्टरबाईंनी दिलेली डबी उघडली. आत एक काळं रबरी बूच होतं. ती वाकली, खुर्चीच्या पायाखालची कागदाची घडी तिने ओढून काढली आणि बूच दुसऱ्या पायाच्या बुचाशेजारी धरलं. तंतोतंत!

"काकू, ही खुर्ची यांनी तीन दुकानं हिंडून आणलीय."

कोटेशनरावांनी तिकडे बघितलंच नाही. "ते काही असो! मला फसवणारा माणूस अजून जन्माला..."

खुर्ची कलंडली. मॅनेजर मात्र आधीच मांडीवरून उतरला होता.