ओल्या टॉवेलची अंगाई

"बाळ निजवणं ही आता नशिबाची गोष्ट राहिली नाही!" हातातला चहाचा कप उंच धरून डॉक्टरबाईंनी सकाळी सकाळी जाहीर केलं. "आता ते शास्त्र आहे! आज दुपारी मोठ्या सरांसमोर सिद्धच करून दाखवते."

"आधी कप खाली धर. कोटावर सांडशील," सासूबाई म्हणाल्या.

त्या सुनेच्या पांढऱ्या कोटाला इस्त्री करत होत्या. सासूबाई दिसेल त्याला इस्त्री करत. चादरी, रुमाल, अगदी फरशी पुसायची फडकीसुद्धा! या घरात मांजर टिकलं नाही ते त्याच भीतीनं, असं त्यांच्या मुलाचं म्हणणं होतं.

डॉक्टरबाईंचं काम इवल्या जिवांचं. वेळेआधीच घाईनं जगात आलेली बाळं त्यांच्या वॉर्डात काचेच्या पेट्यांत निजत. ओंजळीत मावतील एवढी. वॉर्डात पाऊल टाकलं की माणसाचा आवाज आपोआप दाराबाहेर राहायचा. आत मऊ, निळसर उजेड. सांजवेळी तळ्यात होड्या सोडाव्यात तशा त्या पेट्या, आणि एकेका होडीत मूठभर स्वप्न श्वास घेत पडलेलं. पण या स्वप्नांची झोप फार पातळ, दुधावरच्या पहिल्या सायीसारखी. कुठे यंत्र टुकटुकलं, कुठे दार वाजलं की फाटलीच! मग चिमणीएवढी काळजं धडधडत सुटायची. झोप नाही म्हणून वजन नाही, आणि वजन नाही तोवर घरी जाणं नाही.

डॉक्टरबाईंच्या मनात आलं, या पेट्यांत एखादी अंगाई सोडली तर? अगदी हळू, एकसारख्या लयीत. सगळ्या बाळांना एकच आवाज हवा, म्हणजे तुलना करता येईल. आणि तसा आवाज त्यांच्या घरातच होता. इस्त्री करताना सासूबाई गुणगुणायच्या तेव्हा खिडकीचा पडदासुद्धा पेंगायला लागायचा.

नवरा रेडिओवर ध्वनिमुद्रणाचं काम करणारा. त्यानं एका दुपारी इस्त्रीच्या टेबलावर माइक लावून दिला आणि तो चालू ठेवून आंघोळीला गेला. नंतर कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून त्यानं सगळं मुद्रण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं.

"एकदम स्वच्छ!" तो म्हणाला. "अंगाई आणि इस्त्रीची वाफ. बाकी चिडीचूप!"

डॉक्टरबाईंनी मात्र ते ऐकलं नाही. ऐकायचं नव्हतंच! त्यांच्या शास्त्राचा नियमच तसा कडक: ज्यानं मोजायचं, त्यानं ऐकायचं नाही. नाहीतर माणूस आकड्यांत आपल्याला हवं तेच बघतो. कुठल्या पेटीत कधी आवाज सोडायचा आणि कधी शांतता, हे कॉम्प्युटर ठरवायचा. स्पीकर तर इतका हळू की काचेबाहेर पाकोळीच्या पंखाएवढीही चाहूल लागू नये. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांनी एकदा काचेला कान लावला होता.

"लांबच्या खोलीत कुणीतरी बोलतंय असं वाटतं हो," त्या म्हणाल्या. "पण बाळ कसं झोपलंय बघा! गाठोडं नुसतं!"

आणि खरंच, पडद्यावरची नाडीची रेघ काय सुंदर उतरायची! अंगाई सुरू झाली की थोडी निवळायची, आणि जरा वेळानं, का कोण जाणे, एकदम शांत व्हायची. वारा पडल्यावरचं पाणीच! 'अंगाई मुरायला वेळ लागतो,' असा निष्कर्ष डॉक्टरबाईंनी काढला आणि तो मोठ्या अक्षरांत लिहूनही टाकला.

राहता राहिले मोठे सर. सर विभागाचे प्रमुख. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, कपाळावर कायमची आठी. "हा वॉर्ड आहे, गाण्याचा क्लास नव्हे," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यांनी बजावलंच होतं, "आज मला पटलं नाही, तर उद्या सगळे स्पीकर काढायचे." म्हणजे इतक्या महिन्यांचं काम पाण्यात. आणि त्याहून वाईट म्हणजे ती इवली माणसं पुन्हा टुकटुकीच्या हवाली!

दुपारी सभागृह भरलं. शेवटच्या रांगेत सासूबाई कडक इस्त्रीत बसल्या होत्या. शेजारी त्यांचा मुलगा, अभिमानानं फुगलेला. आपला आवाज आज मोठमोठे डॉक्टर ऐकणार म्हणून सासूबाईंनी सकाळपासून कोमट पाणी पिऊन गळा जपला होता.

"आता आपण सगळे ती अंगाई पहिल्यांदाच ऐकूया," डॉक्टरबाई म्हणाल्या. "माझं मोजमाप संपलं, तेव्हा मीसुद्धा! पडद्यावर सगळ्या बाळांच्या नाडीची मिळून एक रेघ दिसेल. आवाज आणि रेघ बरोबर चालतील."

दिवे मंदावले. इस्त्रीची वाफ फस्सकन सुटली, आणि तिच्यामागून सासूबाईंचा आवाज आला, दुपारच्या उन्हासारखा सुस्त.

*"नीज नीज माझ्या राजा, वारा पानांत निजला,
थेंब थेंब चांदण्याचा माझ्या अंगणी सांडला,
घाल डोळ्यांवर पाती, जशी मऊ मऊ चादर..."*

सभागृह हललं. नव्हे, डुललं! पुढच्या रांगेतल्या हाडांच्या डॉक्टरांची मान छातीवर आली. डॉक्टरबाईंना वाटलं, आपण जिंकलो.

"...जशी मऊ मऊ चादर... चादर! अरे, या चादरीवर ओला टॉवेल कुणी टाकला?"

डॉक्टरबाईंनी चमकून शेवटच्या रांगेकडे पाहिलं.

"पुन्हा पलंगावरच!" फस्स! "ओलं ते दोरीवर," फस्स! "कोरडं ते कपाटात," फस्स! "बायको आली तरी अक्कल आली नाही," फस्स!

हाडांचे डॉक्टर दचकून जागे झाले. डॉक्टरबाई लॅपटॉपवर झेपावल्या. आवाज बंद करायची कळ दाबायला गेल्या आणि दाबली भलतीच. आवाज वाढला!

"आणि ती पोर बघ!" सासूबाई भिंतींतून गरजल्या. "ओट्याशी उभी राहून जेवते," फस्स! "चालता चालता वेणी घालते," फस्स! "दुसऱ्यांच्या लेकरांची झोप शोधायला गेली आणि स्वतःची हरवून बसली! तिला कधी विचारलंस, दमलीस का म्हणून? नवरा आहेस की टॉवेल वाळवायचा दांडा?"

डॉक्टरबाईंचा हात कळेवरच थांबला. हे असं, या शब्दांत, त्यांना घरात कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"आणि ते तिचे मोठे सर!"

हात पुन्हा धावला. पण उशीर झाला होता.

"दिवे लागले तरी सोडत नाहीत पोरीला," फस्स! "स्वतःला झोप येत नाही म्हणून साऱ्या जगाला जागं ठेवायचं होय? कुणीतरी थोपटा त्यांना एकदा!"

कळ सापडली. आवाज बंद झाला. सभागृहात अशी शांतता पसरली की टाचणीनंसुद्धा पडायचं धाडस केलं नसतं.

आणि त्या शांततेत मोठ्या सिस्टर ओरडल्या, "बाई, रेघ बघा, रेघ!"

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. अंगाईच्या वेळी रेघ जराशी उतरली होती. पण 'टॉवेल' या शब्दापाशी ती जी खाली आली होती, ती अलगद, थेट झोपेच्या तळाला जाऊन विसावली होती. मोठ्या सरांच्या उद्धारापर्यंत बाळ गाढ होतं. प्रत्येक बाळ!

"हा आवाज कुणाचा?" मोठ्या सरांनी विचारलं.

शेवटच्या रांगेत सासूबाई उभ्या राहिल्या. मुलगा खुर्चीत बुडत चालला होता.

"माझा. आणि त्यातला एक शब्द मागे घेणार नाही."

"मला झोप येत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? सूर्य उगवायच्या आत सुनेला निरोप पाठवणारा माणूस झोपलेला असतो होय?"

सरांनी डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "एकदा घडलं तो योगायोग. पुन्हा घडलं तर शोध. मला दुसरं मुद्रण हवं. अंगाई नको, नुसतं रागावणं. नव्या बाळांवर. पुढच्या बैठकीपर्यंत जमलं तर स्पीकर राहतील."

घरी जाताना डॉक्टरबाईंनी नवऱ्याला फैलावर घेतलं.

"तू म्हणालास एकदम स्वच्छ!"

"अगं, शपथ! सगळं ऐकलं होतं मी. त्यात होतं काय?"

"अरे, आई तुला रागावत होत्या!"

"हो, पण ते तर असतंच," तो बिचारा गोंधळून म्हणाला. "ते काय आवाजात धरायचं?"

डॉक्टरबाई चालता चालता थांबल्या. हा माणूस कुठेही, कशावरही, पाठ टेकली की झोपायचा. पाळण्यात असल्यापासून ज्याच्या डोक्यावरून हा धबधबा वाहत होता, त्याला दुसरी अंगाई लागलीच कधी?

आता काय, काम सोपं! टेबलावर माइक लावला. इस्त्री तापली. डॉक्टरबाई नियमाप्रमाणे घराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

"हं आई, रागाव!" मुलगा म्हणाला.

सासूबाई हसल्या. गोड!

"कुणावर रागावू? तू किती गुणाचा आहेस."

"आई!"

"आणि ते मोठे सर. भला माणूस हो! भर सभेत त्यांनी माझं ऐकून घेतलं."

झालं! आपलं रागावणं म्हणजे औषध आहे हे कळल्यापासून सासूबाईंचा राग साखरेच्या खड्यासारखा विरघळून गेला. मुलानं ओला टॉवेल पलंगावर टाकला. त्यांनी तो उचलून दोरीवर वाळत घातला आणि म्हणाल्या, "राहू दे हं राजा, थकला असशील." त्यानं उशीवर टाकला. "असू दे, उशीला गार वाटेल." त्यानं तो इस्त्री केलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर टाकला. पोटच्या पोराकडून एवढा अधर्म! सासूबाईंचे ओठ थरथरले, नाकपुड्या फुलल्या... आणि त्यांनी माइककडे पाहून मान तिरकी केली. "हौसेनं केलंय लेकरानं."

तो मधाळ आवाज पेट्यांत सोडून पाहिला. बाळं टक्क जागी! रेघ बेडकासारखी उड्या मारू लागली. एका बाळानं तर अशी मूठ आवळली की मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "यालाही हा गोडवा खोटा वाटतोय हो!"

बैठक उद्यावर आली. डॉक्टरबाई संध्याकाळी घरी परतल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मोठ्या सरांसारखीच वर्तुळं उमटली होती. खिडकीतून कललेला उजेड आत येत होता. सासूबाई इस्त्री करत होत्या. डॉक्टरबाईंनी पातेल्याचं झाकण काढलं, ओट्याशी उभ्या राहिल्या आणि थंडगार घास तोंडात घातला.

फस्स!

"ठेव तो घास!"

कोपऱ्यात बसलेल्या नवऱ्यानं श्वास रोखून मुद्रणाची कळ दाबली.

"ठेव म्हणते ना! बस खुर्चीत," फस्स! "घोडा उभ्यानं खातो, माणूस नाही," फस्स! "जगाची पोरं निजवतेस आणि तुला कोण निजवणार? मी? या वयात?" फस्स! "पाय वर घे. डोकं मागे टेक. गप्प! एक शब्द बोलू नकोस, मी बोलतेय!"

डॉक्टरबाई बसल्या. पाय वर घेतले. डोकं मागे टेकलं. इस्त्री पुढे जात होती, मागे येत होती, आणि तिच्याबरोबर तो आवाज किनाऱ्याला येत होता, परत जात होता. माझं घर, माझी माणसं, सगळं जागच्या जागी आहे आणि त्यावर कुणाचं तरी लक्ष आहे, असं काहीतरी तो आवाज सांगत होता. शब्द कोणते, ते हळूहळू कळेनासं झालं. खिडकीतला उजेड पाण्यासारखा चढला. खुर्चीची होडी झाली.

तेच मुद्रण पेट्यांत वाजलं. मोठ्या सिस्टरांनी पहाटेपासून पेट्यांचा पहारा केला. रेघा? तळ्यासारख्या निवांत!

दुपारी मोठ्या सरांनी ते मुद्रण सर्वांसमोर लावलं. "एकदम स्वच्छ आहे, सर," नवऱ्यानं छाती पुढे काढून ग्वाही दिली. "मी स्वतः पूर्ण ऐकलंय!"

घोडा झाला, घास झाला, पाय वर झाले. सरांच्या पापण्या जड झाल्या. कपाळावरची आठी पहिल्यांदाच सैल पडली. आणि मग सासूबाईंच्या आवाजाखालून दुसराच एक आवाज वर येऊ लागला. घर्रर्र... फुस्स... घर्रर्र... फुस्स... खडीवरून ट्रक चालल्यासारखा!

सरांनी एक डोळा उघडला.

"हे घोरणं कुणाचं?"

सगळं सभागृह डॉक्टरबाईंकडे वळलं. डॉक्टरबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो प्रामाणिकपणे छताकडे बघत होता. कसलं घोरणं, असा त्याचा चेहरा! तेही त्याला नेहमीचंच होतं.

डॉक्टरबाई कानाच्या पाळीपर्यंत लाल झाल्या. पण शेवटी शास्त्रज्ञ! इस्त्रीच्या कोटाची कॉलर नीट करून त्या म्हणाल्या,

"सर, नियम पाळलाय. ज्यानं मोजायचं, त्यानं यातलं काहीही ऐकलेलं नाही!"