सोनलचा किरण आणि आक्कांची किटली

सुई नाही, रक्त नाही. थुंकीचा एक थेंब आणि दोन मिनिटं! बेळगावात चार वर्षं राबून सोनलने बनवलेलं यंत्र एवढ्यावर फ्लूचा विषाणू ओळखायचं. थेंबावर लेझरचा किरण सोडायचा, परतलेल्या उजेडाची रेघ पडद्यावर उमटायची. निरोग्याची रेघ वेगळी, आजाऱ्याची वेगळी.

रविवारी निपाणीत, जैन बस्तीच्या, म्हणजे मंदिराच्या, सभागृहात प्रात्यक्षिक होतं. आरोग्याधिकारी डॉ. परशराम यांना पटलं तर तीन गावांत चाचणीची परवानगी, नाहीतर यंत्र कपाटात. सोनलने एकवीस धडधाकट माणसं बोलावली होती. उपाशीपोटी या, असं तीनदा बजावून.

पहिला भरमू. रेघ डोंगरासारखी चढली आणि यंत्राने निकाल दिला: आजारी. दुसरा आजारी. एकविसावाही आजारी. हौसेने थेंब दिलेले डॉक्टरही आजारी.

बातमी गल्लीत यंत्रापेक्षा वेगाने पोचली. भरमूच्या बायकोने फोनवरच कळवलं, की त्याचं ताट आजपासून गोठ्यात वाढलं जाईल. बस्तीसमोरच्या दुकानदाराने शटर ओढलं.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "बाई, सगळी निपाणी आजारी, आन् मलाच खबर न्हाय?"

सोनलने घाईघाईने स्वतःचा थेंब ठेवला. रेघ स्वच्छ. म्हणजे यंत्र शहाणं होतं. तिने मान वर केली, तर डॉक्टरांच्या पांढऱ्या मिशीला पिवळी किनार.

"साहेब, काय प्यायलात?"

डॉक्टरांनी अपराध्यासारखं मागच्या दाराकडे पाहिलं. तिथे सोनलची आत्या राजमती, साऱ्या गल्लीची आक्का, किटली घेऊन उभी होती.

"बस्तीत आल्यालं माणूस उपाशी ठेवू व्हय गं? हळदीचं दूध पाजलं. तुला सांगू नका म्हटलं, तू वरडतीस."

त्या किरणाखाली हळद इतकी झळकते, की तिच्यापुढे बाकी काही दिसतच नाही. सोनलने किटली जप्त केली, सगळ्यांना खळखळून चुळा भरायला लावल्या आणि दीड तास मागच्या दाराला स्वतः पाठ लावून बसली.

दुसऱ्या फेरीत एकवीसच्या एकवीस निरोगी. आजारी एकटे डॉक्टर! कणकुंबीला पावसात भिजलो, साधी सर्दी आहे, असं ते हसत सांगत राहिले. सोमवारी बेळगावच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला: फ्लू. परवानगीवर त्यांनी अंथरुणातूनच, कण्हत सही केली.

पुढच्या रविवारी सभागृहाबाहेर साठ बायकांची रांग पाहून सोनलचा ऊर भरून आला. इतकी वर्षं राबल्याचं सार्थक झालं होतं. तिने थेंबासाठी काचपट्टी पुढे केली.

रांगेत पहिल्या असलेल्या आक्कांनी त्या काचपट्टीवर पदरातली पुडी मोकळी केली.

"थुंकी ऱ्हाऊ दे गं. बाजारातली हळद खरी का रंगवल्याली, तेवढं बघ."

मागच्या एकोणसाठ जणींनीही आपापल्या पुड्या वर धरल्या.