पूजेतलं कुलूप

अठ्ठ्याण्णव सालच्या खंडेनवमीला संगमनेरच्या एका कॉलेजात परीक्षार्थींची यादी उघडेना. एकच्या एसटीनं ती पुण्याला जायलाच हवी होती; यादीत नाव नाही त्याचं वर्ष बुडालं. पडद्यावर एकच ओळ: फाईल दुसरीकडे उघडी आहे.

"तुझ्या कुलपानं घात केला रे," हेडक्लार्क सहादेव भाऊसाहेब म्हणाले.

कुलूप योगेशचं, कॉम्प्युटर सांभाळायचं काम त्याचं. तारेनं जोडलेल्या तीन कॉम्प्युटरांवरून माणसं एकाच यादीत लिहायची आणि एकाची नावं दुसरा पुसायचा. म्हणून त्यानं आठ दिवस सिस्टीमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, डोकं घालून दुरुस्ती केली: एकानं यादी उघडली की बाकीच्यांनी थांबायचं. त्या आठ दिवसांत त्याला कुणी चहाचंही विचारलं नाही, ते सोडा.

यादी ठेवलेलं मोठं मशीन त्यानं बंद करून चालू केलं. कुलूप आपोआप परत लागलं.

"माझ्याकडे बंद, तुमच्याकडे बंद. प्राचार्यांकडच्या तिसऱ्याची तर सकाळीच पूजा झाली, म्हणजे तेही बंदच," योगेश म्हणाला. पूजलेल्या हत्याराला दसऱ्याआधी हात कोण लावणार? चूक आपल्याच कर्नलची, असं त्यानं धरून टाकलं.

"तोडून टाक कुलूप. कालची यादी फ्लॉपीवर हाय, तीच वरून चढवू."

योगेश नाइलाजानं तोडायला बसला, तेवढ्यात शिपाई रतनबाई पेढे घेऊन आल्या.

"घ्या. आमच्या दीपाचं नाव चढलं. फॉर्म उशिरा आल्ता, पन प्राचार्यांनी सकाळी सोता टाइप केलं. मी म्हनलं, यादी उघडीच ऱ्हाऊ द्या, तिचीबी पूजा हुईल. चालू मशीनलाच हार घातला."

आता बोला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. कुलूप तिसऱ्या मशीनकडे होतं, आणि मोठं मशीन चालू होताच तिसरं आपला हक्क सांगून ते परत घेत होतं. कर्नल बरोबरच वागत होता. आणि फ्लॉपीवरच्या कालच्या यादीत दीपा नव्हतीच.

योगेशनं हे सांगताच रतनबाई तिसऱ्या मशीनकडे धावल्या. त्याला "माफ कर बाबा" म्हणाल्या आणि स्वतःच हार बाजूला सारला. योगेशनं यादी बंद केली. भाऊसाहेबांनी फ्लॉपी गुपचूप खणात टाकली. यादी छापून एसटीत गेली, दीपासकट.

"लई उपकार झाले. कुठं हाय ते कुलूप? हळद-कुंकू वाहते."

"ते दिसत नाही हो, मावशी."

रतनबाईंनी जरा विचार केला आणि कुंकवाचं बोट योगेशच्याच कपाळाला टेकवलं. त्यांचे डोळे भरले होते.

"झाली पूजा. आता दसऱ्यापोतर तुमी कामाला हात लावायचा न्हाई."

भाऊसाहेब योगेशपुढे नव्या कागदांचा गठ्ठा सरकवतच होते. तो त्यांनी मागे ओढला आणि त्याच्यासाठी चहा सांगितला.