ग्रंथपालांचा साचा

"हात वर," शिवणताई म्हणाल्या. "आणि पोट सोडा."

"सोडलंय," ग्रंथपाल म्हणाले.

"मग आवाज असा नाकातून का येतोय?"

ग्रंथपालांनी उत्तर दिलं नाही. उत्तराला श्वास लागतो, आणि तो त्यांनी मघापासून छातीत कोंडून ठेवला होता. अंगात टाकाऊ टी-शर्ट घालून ते हॉलच्या मधोमध उभे होते आणि त्यांची बायको, म्हणजे शिवणताई, त्यांच्याभोवती फेऱ्या मारत पार्सलाची खाकी चिकटपट्टी गुंडाळत होती. त्यांच्या आई खुर्चीत बसून नव्या कवळीनं पट्टीचे तुकडे तोडून सुनेला देत होत्या. कवळी बसवल्यापासून तिचा एवढा उपयोग झाला नव्हता.

या सगळ्याचं कारण म्हणजे ग्रंथपालांचा स्वभाव. शिवणताईंच्या हातचं फिटिंग म्हणजे बघत राहावं, असं अख्खा परिसर म्हणायचा, पण घरचं गिऱ्हाईक जागेवर उभं राहील तर शपथ. माप घ्यायला टेप लावली की त्यांना गुदगुल्या होत. टाचण्या लावल्या की नेमकं तेव्हाच वाकून पेपर उचलावासा वाटे. त्यामुळे त्यांचा प्रत्येक कोट कुठे ना कुठे रुसलेला असे. शेवटी ताईंनी ठरवलं, नवरा उभा राहत नाही ना, मग नवऱ्याचा साचाच काढू. पट्ट्यांचे चार थर द्यायचे, पाठीवर कापून कवच अलगद काढायचं, आत चिंध्या भरायच्या, की झाला पुतळा. त्याला ना गुदगुल्या, ना पेपर.

आणि या वेळी कोट तसाच महत्त्वाचा होता. ग्रंथपाल महिनाअखेर निवृत्त होणार होते. वाचनालयाच्या भिंतीवर आजवरच्या सगळ्या ग्रंथपालांचे फोटो ओळीनं लावलेले, त्यात आता त्यांचा लागणार होता. एकदा टांगला की कायमचा. ताईंचं म्हणणं, रोज शंभर माणसं तिथे पेपर वाचायला येतात, तर त्यांना माझ्या हातचा कोट दिसू दे. ग्रंथपालांचं म्हणणं एवढंच, की दिसू दे काहीही, पण पोट दिसायला नको. त्यांच्या आधीचे ग्रंथपाल वेतासारखे सडपातळ होते आणि फोटो त्यांच्याच शेजारी लागणार होता. म्हणून तर हा कोंडलेला श्वास.

"झालं!" ताईंनी शेवटची पट्टी थोपटली. टकटक असा आवाज आला. "आता स्वयंपाकघरातली कात्री आणते."

बराच वेळ खणांची उघडझाप ऐकू आली. मग ताई रिकाम्या हातानं दारात उभ्या राहिल्या.

"कात्री कुठाय?"

ग्रंथपाल छताकडे बघू लागले. मानेखाली काही हलत नसल्यानं दुसरीकडे बघायची सोयही नव्हती.

"अहो, मी काय विचारतेय?"

"ती... गेल्या आठवड्यात मी तिनं तार कापत होतो. तर ती... म्हणजे तार नाही तुटली."

"अगं बाई!" आई म्हणाल्या. "म्हणजे कात्री तुटली?"

"टाकून दिली. नवी आणणार होतो."

"कधी? हा पुतळा चालत जाऊन आणणार होता?"

पट्टीचं टोक शोधून उलगडायचा प्रयत्न झाला, पण चारही थर एकमेकांना घट्ट चिकटून बसले होते. आईंनी सुरीचं नाव काढलं, तर ग्रंथपाल ओरडले, "पाठीला सुरी? मी काय पाव आहे?" मग ते हळूच म्हणाले, "अगं, तुझी कात्री आहे की."

ताईंची कापडाची कात्री म्हणजे त्यांच्या वडिलांनी हातात दिलेली, वजनदार, काळ्या मुठीची. तिनं कापड सोडून दुसरं काही कापायचं नाही, हा त्या घरातला पहिला कायदा. एकदा ग्रंथपालांनी तिनं पेपरातलं कात्रण कापलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांच्याशी फक्त आईंच्या मार्फत बोललं गेलं.

"माझी कात्री? या डिंकाला?" ताई म्हणाल्या. "धारेचं वाटोळं होईल! उभे राहा तसेच, मी शेजारून आणते." आणि पायात चपला सरकवून त्या गेल्यासुद्धा.

ग्रंथपाल तसेच उभे राहिले. न राहून करतात काय? बसता येत नव्हतं. आणि पोट आता सोडायचं म्हटलं तरी सुटत नव्हतं. आतून ते दारावर धडका देत होतं, पण दार बाहेरून बंद.

तेवढ्यात बेल वाजली. वाचनालयाचे अध्यक्ष आले होते आणि त्यांच्यामागे कॅमेरा घेतलेला फोटोग्राफर.

"ग्रंथपाल घरी आहेत ना?" दाराबाहेरून अध्यक्षांचा आवाज आला. "फोटोग्राफर उद्या परगावी निघालेत. म्हटलं, फोटो आत्ताच उरकून टाकू!"

"आलो हं!" ग्रंथपाल आतून किंचाळले आणि कुजबुजले, "आई, कोट! कुठलाही!"

आईंनी कपाटातून लग्नातला कोट काढला. चौकातल्या टेलरनं शिवलेला हा कोट मूल होण्याआधीच घट्ट झाला होता आणि आता ते मूल नोकरीला लागलं होतं. आईंनी लेकाला आधी शर्ट आणि वर कोट चढवला, आणि काय आश्चर्य, बटण लागलं! सगळी बटणं लागली. ग्रंथपालांनी आरशात पाहिलं. छाती पुढे, पोट गायब, पाठ ताठ. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या.

"वा!" अध्यक्ष आत येऊन थक्कच झाले. "काय तब्येत राखलीय! बसा ना."

"उभाच बरा आहे," ग्रंथपाल नाकातून म्हणाले.

दोन-तीन फोटो निघाले. फोटोग्राफर म्हणाला, असा ताठ माणूस त्यानं कधी पाहिला नव्हता. अध्यक्षांनी गहिवरून मिठी मारली, तेव्हा आतून कडकड असा आवाज आला.

"हाडं का हो?"

"वयानुसार," आईंनी सांभाळून घेतलं.

पाहुणे गेले आणि ताई परत आल्या. शेजारचे बाहेर गेलेले, दुकान बंद. "आता सोनाराची कातर मागून आणते..." असं काहीतरी त्या म्हणत होत्या, पण नवऱ्याकडे लक्ष जाताच थांबल्या. ग्रंथपालांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ओठ माशासारखे उघडमीट करत होते.

ताईंनी पायातल्या चपलाही काढल्या नाहीत. कोट-शर्ट उतरवला, मशीनच्या खणातून काळ्या मुठीची कात्री काढली आणि पाठीवर खालून वर, खरररर् करत एका दमात कवच कापलं. पात्यांवर डिंकाचे गोळे चढले. कवच उघडलं आणि ग्रंथपालांचं पोट, शाळा सुटल्यासारखं, बाहेर आलं.

"अगं," त्यांना कसाबसा श्वास मिळाला, "तुझी कात्री..."

"मरू दे कात्री." ताईंनी ती बाजूला टाकली. "श्वास घ्या आधी. मोठा घ्या."

इतक्यात त्यांची नजर खुर्चीवरच्या कोटाकडे गेली. आईंनी सगळी हकिकत सांगून टाकली. ताई मटकन खाली बसल्या.

"म्हणजे भिंतीवर कायमचा हा कोट? त्या चौकातल्याचा? अहो, डावा खांदा पडलाय त्याचा!"

ग्रंथपालांनी डिंकात बरबटलेल्या कात्रीकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा ते फोटोत सडपातळ आले होते आणि पुन्हा कधी येणार नव्हते. त्यांनी फोन उचलला.

"अध्यक्षसाहेब, तो फोटो लावू नका. फोटोग्राफर परत आले की दुसरा काढू. हो, मला माहितीय चांगला आलाय. तरी नको."

त्या दिवशी ताईंच्या हातून चहात साखर नेहमीपेक्षा जास्त पडली.

पुतळा उभा राहिला, कोट शिवून झाला. वाचनालयात पुन्हा कॅमेरा लागला. ग्रंथपालांनी नवा कोट घातला आणि सवयीनं पोट आत ओढलं. कोट पुढून एकदम ढगळ पडला, वर सुरकुत्याही आल्या. ग्रंथपाल हबकले. एवढं रामायण करून शेवटी कोट चुकला?

"श्वास रोखा," फोटोग्राफर म्हणाला. "पोट आत."

"काही आत नाही," कॅमेऱ्यामागून ताई म्हणाल्या. "अहो, सोडा पोट."

"पण माप तर साच्याचं..."

"साच्यात तुम्ही किती पोट चोरलंत ते मला ठाऊक नाही होय? पुतळ्याच्या पोटावर तुमचीच उशी बांधली होती मी. सोडा म्हणते ना!"

ग्रंथपालांनी पोट सोडलं. कोट भरला, एक सुरकुती राहिली नाही, आणि खांदे कसे अगदी सरळ रेषेत बसले. त्यांना इतकं हायसं वाटलं की हसूच फुटलं, आणि नेमका तोच फोटो निघाला.

आता तो भिंतीवर आहे. शेजारचे सडपातळ ग्रंथपाल जरा उपाशीच दिसतात. वाचायला येणारे लोक कोट कोणी शिवला म्हणून विचारतात, आणि ताईंनी कापडासाठी नवी कात्री घेतली आहे. डिंकवाली त्यांनी नवऱ्याला देऊन टाकली, हवी तेवढी कात्रणं कापायला. ग्रंथपालांनी ती जपून ठेवली आहे आणि तिला कोणाला हात लावू देत नाहीत.