पुट अप विथ साहेब

साहेबांच्या निरोप समारंभात आपण इंग्रजीत बोलायचं, असं जावक कारकुनानं ठरवलं आणि तिथंच माशी शिंकली. मराठीत तो तासभर बोलला असता. पण ते इंग्रजी साहेबांनीच तर शिकवलेलं! नोकरीला लागला तेव्हा त्याला राहायला जागा नव्हती. या देवमाणसानं त्याला दोन महिने स्वतःच्या घरी ठेवून घेतलं आणि रोज जेवणं झाली की समोर बसवून इंग्रजी घोटून घेतलं. तुमची मेहनत वाया गेली नाही, एवढंच त्याला आज साहेबांना दाखवायचं होतं.

त्यानं माइकसमोर घसा खाकरला. 'पुट अप' म्हणजे मुक्काम करणं, हे त्यानं शब्दकोशात पाहून ठेवलं होतं. साहेबांसोबत राहिलो म्हणून 'विथ' मात्र पदरचं.

"आय पुट अप विथ सर फॉर टू मंथ्स!"

हॉलमध्ये खसखस पिकली. मुख्य कचेरीतून आलेल्या मॅडमनी तोंडाला रुमाल लावला.

"अहो, नुसतं 'पुट अप' म्हणजे मुक्काम," मागून टायपिस्टबाई कुजबुजल्या. "'विथ' लागलं की सहन करणं! साहेबांना दोन महिने कसंबसं सहन केलं म्हणालात!"

घाईघाईनं तो सावरायला गेला. "नो, नो! सर टुक मी इन! कम्प्लीटली टुक मी इन!"

"अरे देवा! 'टेक इन' म्हणजे आसरा देणं खरं, पण फसवणंसुद्धा! साहेबांनी पुरतं गंडवलं म्हणताय!"

साहेबांचा चेहरा निर्विकार. निदान शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीचे, काकूंचे तरी धड आभार मानावेत! 'फेड' म्हणजे जेवू घातलं. अगदी गळ्यापर्यंत, म्हणून त्याला 'अप'.

"मॅडम फेड मी एव्हरी डे! आय वॉज फेड अप!"

"वैतागलात, वैतागलात तुम्ही!" टायपिस्टबाईंनी कपाळावर हात मारला. मुख्य कचेरीच्या मॅडमना आता एक रुमाल पुरेना.

साहेब उठले.

"साहेब, माझ्या मनात तसं काही..." कारकून रडकुंडीला आला.

साहेबांनी त्याच्या हातातून माइक घेतला. आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

"माझ्याकडे आला तेव्हा याच्या तोंडून इंग्रजीचा एक शब्द फुटत नव्हता. आज एवढ्या लोकांपुढं बोलला! आणि सांगतो, एकही वाक्य व्याकरणात चुकलं नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो थांबल्यावर काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या, "आणि ते पहिलं वाक्य अर्थालाही चुकलेलं नाही. खोटं वाटत असेल तर मला विचारा."