तळलेलं बेअरिंग

उभ्या मोटारीत बसून, तिच्याच आरशात बघत रोज दाढी करणारा माणूस तुम्ही कधी पाहिला आहे का? आम्ही दोन वर्षं पाहत होतो. भोरमधल्या आमच्या बौद्धवस्तीत गेनूतात्यांचं घर माझ्या घरासमोर, मधे दहा पावलांचं अंगण. अंगणाच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली ती मोटार. तिला चार चाकं होती, त्यातली तीन फिरत. तात्या साबणाचा ब्रश घेऊन चालकाच्या जागेवर बसत, आरसा वाकवत, आणि एक गाल संपला की हात बाहेर काढून वळत असल्याची खूण करत. मागून कुणी येत नसे. ‘‘सवय मोडली की हात इसरतो,’’ एवढंच त्यांचं कारण.

तात्या महायुद्धात फौजेच्या ट्रकवर चालक होते. परत आल्यावर लाकडाच्या वखारीत ट्रक चालवला आणि पन्नाशी उलटल्यावर ही मोटार भंगाराच्या भावात आणली. आमच्या वस्तीतली पहिली. मी एकदा विचारलं, ‘‘तात्या, सायकल परवडत नाही आपल्याला, मोटार कशाला?’’

तात्या वरचा ओठ ताणून वस्तरा फिरवत होते. म्हणाले, ‘‘संस्थानाच्या येळंला माझा बा सायबाच्या मोटारीम्होरं पळायचा. वाट मोकळी कराया. म्हनलं, एकदा आत बसून बघावं, आतनं बा कसा दिसत आसंल.’’

मी पेटलो. यावर आजच पत्रक काढतो म्हणालो.

‘‘काढ. पर दाढी हुंदे आदी.’’

पत्रक काढणं हा त्या काळी माझा श्वास होता. शाळेत धडे वाचायच्या आधी मी पत्रकं वाचायला शिकलो होतो, आणि मास्तर झाल्यावर स्वतः काढू लागलो होतो. तात्या मला ‘पत्रकवाले’ म्हणत आणि माझं प्रत्येक पत्रक मागून घेत. पहिल्यांदा अक्षर न् अक्षर वाचत. मग त्यानं ग्रीसचे हात पुसत.

मोटारीचे भाग ते नात्यानं ओळखत. इंजिन म्हणजे मामा, कारण हाक मारली की उशिरा का होईना, येतो. गिअर म्हणजे सासू. का, ते त्यांनी सांगितलं नाही, पण गिअर पडताना ऐकलं की विचारायची गरज उरत नसे. आणि पुढचं डावं चाक म्हणजे जावई. दोन पावसाळे छपराची पागोळी नेमकी त्याच चाकावर गळली, पाणी आत गेलं, आणि चाक व आस यांच्यामधली छऱ्यांची पोलादी कडी, म्हणजे बेअरिंग, गंजून आसाला चिकटून बसली. ‘‘जावई रुसलाय,’’ तात्या म्हणत. ‘‘रुसंना का. बसंल किती दिस.’’

बसला असता जन्मभर. पण दिवाळीच्या पंधरा दिवस आधी वेल्ह्याकडच्या पासलीहून एक तांदूळवाला निरोप घेऊन आला. पासलीला तात्यांची थोरली बहीण, आक्का. तात्यांना तिनंच कडेवर वाढवलेलं. निरोप असा: ‘‘गुडघं गेलं. यश्टीपातूर चालवत न्हाई, बैलगाडीत बसवत न्हाई. दर साली म्हनतूस, भाऊबीजंला मोटार घिऊन न्याया येतो. आवंदा आलास तर ये. न्हाईतर येतो म्हनून सांगू नगंस.’’

तात्यांनी तो निरोप तांदूळवाल्याकडून दोनदा म्हणवून घेतला. दुसऱ्या दिवशी दाढी केली नाही. मोटारीखाली शिरले.

मी आडवा आलो. ‘‘तात्या, आपण धर्म सोडला, सण सोडले. आणि तुम्ही भाऊबिजेला बहिणीला आणायला, मुराळी होऊन निघालात? चार दिवसांपूर्वी मी पत्रक वाटलंय यावर.’’

‘‘वाचलंय की.’’ मोटारीखालून फक्त पाय बोलत होते. ‘‘सण सोडा म्हनलास, सोडला. बहीण सोडा, आसं कुठल्या वळीत लिवलंय तेवढं दाव.’’

असं कुठल्याच ओळीत लिहिलेलं नव्हतं. मी घरी येऊन पत्रक पुन्हा तपासलं.

गावातल्या एका गॅरेजवाल्यानं येऊन चाकाला लाथ मारून पाहिली आणि निकाल दिला, ‘‘निघायचं न्हाई. पुण्याला न्या.’’

‘‘न्हेतो की. तेवढं चालत कसं न्यायचं, ते सांगून जा,’’ तात्या म्हणाले.

मग रॉकेलचे बोळे सुरू झाले. चार दिवस रोज नवा बोळा, वर एरंडेल. पाचव्या दिवशी चाक सुटलं, छरे अंगणभर सांडले आणि कोंबड्यांनी दाणे समजून त्यांवर झडप घातली. पण बेअरिंगची आतली कडी आसाला धरूनच राहिली. तात्यांनी छिन्नी लावली. मारायचा एक घाव, थांबायचं, हात फिरवायचा. ‘‘घाईचं काम आन् घाईचं लगीन, दोनी जलमभर खडखडत्यात.’’ अशा चालीनं तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी कडीला केसाएवढी चीर पडली आणि ती आसावरून हातात आली. तात्यांनी ती मला दाखवली. ‘‘बघ. माझ्यापरीस हट्टी हुती.’’

नवं बेअरिंग त्यांनी शिवऱ्याला हमरस्त्यावरच्या एका भंगारवाल्याकडून शोधून आणलं. त्या मापाचं तेवढं एकच. आणि ते आसावर चढेना. केसाएवढं कमी पडत होतं. गॅरेजवाला म्हणाला, हाणा हातोड्यानं. तात्यांनी हातोडा उचलला, एकदा नेम धरला आणि खाली ठेवला. फुटलं असतं तर दुसरं नव्हतं, आणि भाऊबीज दोन दिवसांवर होती. ते कट्ट्यावर बसले. 

मग एकदम म्हणाले, ‘‘बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडाची धाव कशी चढवतो रं? तापवून. तापली की फुगती, गार झाली की आवळती. बाहीरचं तापवायचं, आतलं गार ठिवायचं. पर हे आगीत टाकलं तर पोलाद जाईल. सगळीकडनं सारखं, हळू तापाय पायजे.’’ आणि आमच्या घराकडे बघून हाक मारली, ‘‘वैनी, कढई हाय का?’’

आमच्या घरात त्या वर्षी फराळाला बंदी होती. बंदी मी घातली होती. आई शब्दानं बोलली नव्हती. आता ती पदर खोचून अंगणात आली, चूल मांडली, कढई चढवली, तेल ओतलं. मग विचारलं, ‘‘भावजी, तेल किती तापवू? लई तापलं तर चकली करपती, कमी तापलं तर मऊ पडती.’’

‘‘मऊ पडंल आसं.’’

‘‘मग टाकून बघाय लागंल.’’

आणि आईनं आतून मळलेलं पीठ आणि सोऱ्या आणला. पीठ कधी मळलं होतं, हे मी विचारलं नाही. पहिली चकली कुरकुरीत झाली, म्हणजे तेल जास्त तापलेलं. जाळ कमी केला. दुसरीही कुरकुरीत. अशी परीक्षा डबा भरेपर्यंत चालली. मी म्हणालो, ‘‘आई, हे तत्त्वाला धरून नाही.’’ आई म्हणाली, ‘‘बेरिंग पडल्याव त्याल वायाच जानार हाय. तुझ्या पत्रकात नासाडी कराय सांगितलीया का?’’ पोलादाच्या हितासाठी तात्या मात्र प्रत्येक घाण्यातली एक चकली चाखून बघत होते.

दरम्यान त्यांनी कवायत केली. सांडशीत कांदा धरून चुलीपासून मोटारीपर्यंत दहा पावलं, तीन वेळा. वाटेतली खाट हलवली, कोंबड्या डालल्या, मला बाजूला उभं केलं. शेवटची चकली मऊ पडली तेव्हा बेअरिंग तारेला बांधून तेलात सोडलं. सगळी वस्ती कट्ट्याकट्ट्यावर उभी. तेल थोडं कुरकुरलं. तात्या मनात काहीतरी मोजत होते. मग सांडशी गेली, बेअरिंग वर आलं, दहा पावलं पडली, आणि दोन वर्षं सगळ्यांना पुरून उरलेल्या त्या आसावर ते नवं बेअरिंग हातातली बांगडी सरकावी तसं सरकलं. टक्. जागेवर. हातोडा तिथेच मातीत पडला होता.

चाक चढवलं. तात्यांनी एका बोटानं ढकललं. ते फिरलं, फिरत राहिलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण सगळे ते थांबायची वाट बघत होते आणि ते थांबत नव्हतं. गॅरेजवाला छपराशी येऊन उभा होता. त्यानं आईकडे एक चकली मागितली.

भाऊबिजेच्या सकाळी तात्यांनी मला मागे बसवलं. ‘‘पत्रकवाले, तत्त्वासाठी नगंस येऊ. चढाला ढकलाय मानूस पायजे.’’ नसरापूरवरून वेल्हे, वेल्ह्यावरून वर. दोन्ही बाजूंना भाताची कापणी चाललेली. बायका विळा हातात धरून उभ्या राहून बघत होत्या. मामा धापा टाकत होता, सासू बोलत होती, जावयाचा आवाज नाही. एकाही चढाला मला उतरावं लागलं नाही.

पासलीला आक्का ओट्यावर बसली होती. उंच, काटकुळी, तोंडानं तिखट. म्हणाली, ‘‘एवढा येळ? मला वाटलं, मोटार पायी पायी येतीया.’’

‘‘पायी आलो आसतो तर कवाच पोचलो आसतो,’’ तात्या म्हणाले, आणि तिला दोन्ही हातांनी उचलून पुढच्या सीटवर बसवलं. ती रागावली, पण उतरली नाही.

उतारावर गाडी शांत चालली होती. आक्का बराच वेळ बाहेर बघत होती. मग तिनं विचारलं, ‘‘म्हायेरात आता कोन कोन हाय रं?’’

मी मागे बसून उत्तर शोधू लागलो. आईबाप केव्हाच गेलेले. तात्यांच्या बायकोला जाऊन चार वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मोटारीत बसून दाढी करणाऱ्या माणसाच्या घरात दुसरं कोण असणार, हा प्रश्न समोर राहूनही मला कधी पडला नव्हता.

तात्यांनी वळण सावकाश घेतलं. म्हणाले, ‘‘म्या हाय की.’’

 ओढा ओलांडल्यावर आक्का म्हणाली, ‘‘मग आठ दिस ऱ्हाते.’’

सण पाळू नयेत, हे माझं मत आजही आहे आणि त्यावरची पत्रकं माझ्याकडे शिल्लक आहेत. ती नाही वाचलीत तरी चालेल. पण वाचकहो, तुम्हीही कुणाला तरी ‘न्यायला येतो’ असं सांगून ठेवलं असेल. मनीऑर्डर पाठवू नका, निरोप पाठवू नका. हे पान मिटा आणि या आठवड्यात स्वतः जा.