बनियनवरचा पट्टा

पालीच्या समाजमंदिरात शिवांजली लॅपटॉप उघडून बसली होती आणि समोरच्या सतरंजीवर माशीशिवाय कुणी बसायला तयार नव्हतं. हृदयाचे ठोके अगदी एकसारख्या अंतराने पडत नसतात. ते अंतर किती मागेपुढे होतं यावर तिला पीएच.डी. करायची होती. छातीला पट्टा बांधायचा, शांत बसायचं, पुढचं सॉफ्टवेअर बघून घेतं. पण पट्ट्याला मनातलं कळतं अशी आवई उठली होती, आणि मनातलं कळणं निम्म्या गावाला परवडणारं नव्हतं. माणसं मिळाली नाहीत तर विषय बदला, असं मार्गदर्शकांनी तिला बजावलं होतं.

शेवटी तिने गावचे पुढारी अर्जुनराव यांना गळ घातली. ते आले आणि पट्टा बनियनवरूनच आवळून बसले.

"काका, तो कातडीला लागायला हवा. बनियन काढावं लागेल."

"पुढारी माणूस चारचौघांत उघडा बसत नसतोय, बाई. घे चालवून."

तिने चालवून घेतलं, आणि तिथेच घोटाळा झाला. बनियनमुळे पट्ट्याला कित्येक ठोके ऐकूच गेले नाहीत. ठोका हुकला की अंतर वाढलं, अंतर वाढलं की आकडा फुगला. पडद्यावर एकशे बेचाळीस उमटले. हे मोजमाप रद्द करावं म्हणून तिने हात पुढे केला, तोवर अर्जुनरावांचा कार्यकर्ता पप्पू मागून डोकावला होता.

"मॅडम, आकडा जादा चांगला का कमी?"

"साधारणपणे जास्त बरा. पण हे काही मार्क नव्हेत, आणि अजून..."

पप्पूने पडद्याचा फोटो काढला आणि मोटारसायकलला किक मारली.

संध्याकाळी फाट्यावर फ्लेक्स झळकला. 'हृदय तपासणीत १४२ गुण! दिलदार नेतृत्व अर्जुनराव यांचे हार्दिक अभिनंदन!' मध्ये अर्जुनराव, खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो.

सकाळी समाजमंदिरासमोर ही रांग लागली. सगळ्यांत पुढे अर्जुनरावांचे विरोधक आप्पाराव, इस्त्रीच्या कपड्यांत. आणि आत खुर्ची टाकून कौतुक करून घेत बसलेले खुद्द अर्जुनराव. शिवांजलीने खरं सांगितलं तर पुढारी दुखावणार आणि रांग मोडणार. नाही सांगितलं तर प्रबंधाचा पायाच खोटा. तिने डोळे मिटले आणि बोलून टाकलं.

"काका, कालचा आकडा बनियनचा आहे. तुमचा नाही."

आप्पाराव मोठ्यांदा हसले. अर्जुनरावांनी मान खाली घातली. तेवढ्यात त्यांची बायको मुक्ताबाई चहाची किटली घेऊन आत आली.

"मंग काढा की बनियन. गावाला काय नवं हाय?"

अर्जुनरावांनी बनियन काढलं. आकडा आला सतरा.

"जागरण आणि भांडणं कमी केली की सुधारतो कधीकधी," शिवांजली चाचरत म्हणाली.

"भांडणं सोडल्यावर पुढारी कशाचा?" अर्जुनराव पुटपुटले.

"सरका, मी बसतो," म्हणत आप्पाराव बसले. त्यांचे चौदा आले, आणि सबंध रांग खदखदली. अर्जुनरावांचा चेहरा एकदम उजळला.

"आता हिचं मोजा," ते म्हणाले.

"कावून? मला काय झालंय?" म्हणत मुक्ताबाई आतल्या खोलीत गेली. पट्टा नीट कातडीला बसला होता. शिवांजलीने तीनदा तपासून पाहिलं, एकही ठोका हुकला नव्हता. एकसष्ट.

"मला काय मोजाय लागतंय? ह्यांच्या संसारात टिकले, तवाच पास झाले," मुक्ताबाई म्हणाली.

ही बातमी फुटली तशा घराघरांतून बायका निघाल्या. आपल्या नवऱ्याच्या वर आकडा काढायला जो उत्साह होता, तो आवरता आवरत नव्हता. दुपारपर्यंत सतरंजी कमी पडली. शिवांजलीने मार्गदर्शकांना फोन लावून ठणकावून सांगितलं, "सर, विषय बदलणार नाही."

पप्पू अपराधी चेहऱ्याने उभा होता. अर्जुनरावांनी त्याला जवळ बोलावलं.

"फ्लेक्स उतरव बे. नवा सांग."

दुसऱ्या दिवशी फाट्यावर मुक्ताबाई झळकली, डोक्यावर पदर घेऊन, चांगली दहा फुटांची. आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत, पप्पूच्या शेजारी, पुरीएवढ्या गोलात अर्जुनराव. उभ्या हयातीत ते पहिल्यांदाच खालच्या रांगेत गेले होते, आणि तो फ्लेक्स त्यांनी दिवाळीपर्यंत कुणाला काढू दिला नाही.